अबोल मुलांची भाषा : चित्र, खेळ व नाट्य यांचा पीडित मुलांस उपयोग

शाळेत येणारे प्रत्येक मूल दप्तराबरोबर आपले घरही संगे घेऊन येते. घरी सण असला तर तो त्याच्या चालण्याबोलण्यात दिसतो. घरी तंटा झाला असला तर तोही दिसतो. अनुभवी शिक्षक हजेरी घेता घेताच मुलांच्या चेहऱ्यांवरून बरेच काही ओळखतो. परंतु काही दुःखे अशी असतात की ती चेहऱ्यावर येऊ नयेत म्हणून मूल आपली सारी शक्ती वेचीत असते. मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा अपमान व हेळसांड ही त्यांपैकी होत. अशा मुलांस ओळखणे व धीर देणे यासाठी चित्र, माती, खेळ, गाणे, नाट्य इत्यादी साधनांचा उपयोग कसा होतो, व त्या उपयोगाची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

हा प्रश्न शहरातला आहे, खेड्यातला नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती खरी नाही. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र व गोवा यांसह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी शेकडा ५३ हून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून किंचित अधिकच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे अथवा त्याच्या विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट त्यापूर्वी कोणासही सांगितली नव्हती.

या आकड्यांतून शिक्षकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हा प्रश्न केवळ मुलींचा नाही. दुसरी, परक्या माणसापासून सावध राहा एवढे शिकवून भागत नाही. कारण धोका पुष्कळदा घराच्या ओसरीवरच बसलेला असतो.

मूल का बोलत नाही

मूल गप्प राहते याची कारणे अनेक आहेत. लहान मुलाजवळ घडलेल्या गोष्टीसाठी शब्दच नसतात. शरीराच्या ज्या अवयवांची नावे घरात कोणी उच्चारीत नाही, त्यांविषयी तक्रार तरी कोणत्या शब्दांत करावी? मोठ्या मुलाजवळ शब्द असतात, पण भीती असते. अत्याचार करणाऱ्याने त्यास धमकी दिलेली असते, किंवा खाऊ व लाड यांनी बांधून घेतलेले असते. आपल्या बोलण्याने घर मोडेल, आई रडेल, बाप मारील, गावात नाचक्की होईल, असे त्यास वाटते. पुष्कळ मुलांस तर चूक आपलीच आहे अशीही खात्री वाटत असते.

अशा मुलास "काय झाले ते सांग" असे दटावून विचारले तर ते अधिकच आत मिटते. परंतु त्याच्या हाती खडू, मातीचा गोळा किंवा बाहुली दिली तर तोंडास जे जमत नाही ते कधी कधी हातास जमते. बाहुलीस भीती वाटली असे म्हणणे मुलास सोपे जाते. मला भीती वाटली असे म्हणणे कठीण जाते. कलेद्वारे उपचार करण्याच्या पद्धतीचे सारे मर्म या साध्या गोष्टीत आहे.

कलोपचाराचा उगम

इंग्लंडमध्ये क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात उपचार घेत असता एड्रियन हिल या चित्रकारास चित्रे काढल्याने स्वतःला उभारी येते असा अनुभव आला. त्याने इतर रोग्यांसही चित्रे काढावयास लावले, आणि १९४२ मध्ये या कामास 'आर्ट थेरपी' हे नाव दिले. मराठीत आपण यास कलोपचार म्हणू.

मुलांच्या संदर्भात मात्र एका शिक्षिकेचे नाव आदराने घ्यावे लागते. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही व्हिएन्नात १८९८ मध्ये जन्मलेली चित्रकार होती. डिसेंबर १९४२ मध्ये नाझी राजवटीने तिला चेकोस्लोव्हाकियातील तेरेझिन येथील बंदिवस्तीत पाठविले. तेथे आईबापांपासून दुरावलेली, उपाशी व भेदरलेली हजारो मुले होती. फ्रीडलने त्यांच्यासाठी चित्रकलेचे वर्ग चालविले. कोरा कागद दुर्मिळ असल्याने वापरलेल्या कागदांवर व तुकड्यांवर मुले चित्रे काढीत, कागद फाडून व चिकटवून आकृत्या बनवीत. मुलांनी बंदिवासच रंगवावा असा आग्रह तिने धरला नाही. फुले, पक्षी, घर, जेवणाचे टेबल, डोंगर असे त्यांच्या मनात जे जिवंत होते ते तिने कागदावर येऊ दिले. पुष्कळ चित्रांवर मुलांची नावे लिहिलेली आहेत. जेथे माणसाचा केवळ क्रमांक उरला होता तेथे मुलाने आपले नाव लिहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रीडलला ऑशविट्झ येथे नेऊन ठार करण्यात आले. तिच्या शिष्यांपैकीही बहुसंख्य मुले वाचली नाहीत. मात्र जाण्यापूर्वी तिने दोन पेट्यांत जपून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे वाचली. ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत.

फ्रीडलची एक विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ मध्ये अमेरिकेस गेली. तेथे न्यूयॉर्कनजीक असलेल्या विल्टविक या वसतिशाळेत तिने मारहाण व उपेक्षा भोगलेल्या, संतापी म्हणून शाळांनी टाकून दिलेल्या मुलग्यांबरोबर चित्रकलेचे काम केले. त्यावरील तिचे पुस्तक १९५८ मध्ये निघाले. विशेष हे की तिची दृष्टी मूलतः चित्रकाराची व शिक्षिकेची होती.

चित्रकलेच्या जोडीने खेळाचाही असाच उपयोग होऊ लागला. लंडन येथे मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर स्त्रीने १९२८ मध्ये मुलांसाठी चिकित्सालय काढले. तिने वाळूची उथळ पेटी व पुष्कळशी लहान लहान खेळणी मुलांपुढे ठेवली. मुले त्यात घरे, माणसे, जनावरे मांडीत व त्या मांडणीस 'जग' म्हणत. आपल्याकडे कोलकाता येथे २००४ मध्ये स्थापन झालेल्या 'संवेद' या संस्थेने विक्री व अत्याचार यांतून सुटलेल्या मुलींसाठी नृत्य व हालचाल यांवर आधारलेली उपचारपद्धती चालविली आहे. ज्या देहावर अत्याचार झाला तो देह पुन्हा आपला वाटावा, हा त्यामागील हेतू.

दोन मार्ग

या क्षेत्रात आरंभापासून दोन विचार दिसतात. एका विचाराप्रमाणे चित्र ही मनाची सांकेतिक भाषा आहे; तज्ज्ञाने मुलाबरोबर बसून, त्याच्याच सांगण्यावरून, हळूहळू तिचा अर्थ उलगडावा. अमेरिकेतील मार्गारेट नॉम्बर्ग ही या विचाराची प्रमुख पुरस्कर्ती होय. दुसऱ्या विचाराप्रमाणे अर्थ उलगडला नाही तरी निर्मितीच मुलास सावरते. जे मूल सर्व बाजूंनी असहाय झालेले असते, त्याला कागदावर तरी आपली सत्ता चालते असा अनुभव येतो. रेघ कोठे ओढावी, रंग कोणता भरावा, केव्हा थांबावे, हे तेथे तेच ठरविते. क्रेमर हिचा भर या दुसऱ्या विचारावर होता.

पहिला मार्ग तज्ज्ञाचा आहे. त्यास मानसशास्त्राचे व उपचाराचे रीतसर शिक्षण लागते, आणि दीर्घकाळ देखरेखीखाली काम करावे लागते. प्राथमिक शिक्षकाने त्या मार्गाने जाऊ नये. दुसरा मार्ग मात्र प्रत्येक शिक्षकास खुला आहे. शिक्षक हा उपचारक नव्हे. तो मुलास सुरक्षित जागा, साधन, वेळ व विश्वास देणारा वडीलधारा आहे. हा भेद नीट ध्यानात ठेवला तर या लेखातील पुढील सर्व सूचना सहज समजतील.

चित्र म्हणजे पुरावा नव्हे

मुलाने काळा रंग वापरला म्हणजे ते दुःखी, माणसास हात काढले नाहीत म्हणजे ते असहाय, घरास दार नाही म्हणजे घरात काही लपलेले आहे, असे ठोकताळे अनेक ठिकाणी छापलेले आढळतात. त्यांवर विसंबू नये. चित्रातील कोणत्याही एका खुणेवरून अत्याचार झाला किंवा झाला नाही असे ठरविता येत नाही, हे संशोधनाने दाखविले आहे. डबीत काळाच खडू उरला होता म्हणूनही मूल काळा रंग वापरते. शेजारच्या मुलाने राक्षस काढला म्हणून हेही राक्षस काढते. उलट, घोर अत्याचार सोसणारे मूल रोज डोंगरामागून उगवणारा सूर्य काढीत असेल.

मग चित्राचा उपयोग काय? चित्र हे बोलण्याचे निमित्त आहे. चित्र काढता काढता मूल आपल्या अनुभवांविषयी अधिक सांगते असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु त्याच प्रकारच्या प्रयोगांत हेही आढळले की मोठ्या माणसाने सूचक प्रश्न विचारले, तर न घडलेल्या गोष्टीही मूल चित्रासह सांगू लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका बालशाळेविषयी १९८३ मध्ये उठलेल्या प्रकरणात शेकडो मुलांस पुनःपुन्हा सूचक प्रश्न विचारण्यात आले. खटला १९९० पर्यंत चालला व एकही आरोपी दोषी ठरला नाही. अशा विचारपुशीने निरपराध माणसांचे जीवन उद्ध्वस्त होऊ शकते, आणि कोणा मुलास खरोखरच इजा झाली असेल तर सत्यही गढूळ होऊन बसते.

याउलट २०१७ मध्ये दिल्लीच्या एका न्यायालयात साक्षीच्या वेळी एका लहान मुलीस कागद व खडू देण्यात आले होते. तिने काढलेले चित्र न्यायाधीशांनी तिच्या बोलण्यास पूरक मानले, आणि आरोपी नातेवाईक दोषी ठरला. येथेही चित्राने साक्षीची जागा घेतली नाही. ते साक्षीच्या पाठीशी उभे राहिले, एवढेच.

शिक्षकाने काय पाहावे

शिक्षकाजवळ जे आहे ते डॉक्टरजवळही नाही. तो मुलास वर्षभर, रोज, अनेक प्रसंगी पाहतो. म्हणून त्याने एखाद्या खुणेकडे न पाहता बदलाकडे पाहावे. हसरे मूल एकाएकी गप्प झाले. शांत मूल मारकुटे झाले. अभ्यासात बरे असलेले मूल मागे पडू लागले. लघवी कपड्यात होऊ लागली. शाळा सुटली तरी मूल घरी जाण्यास रेंगाळू लागले. विशिष्ट माणसाचे नाव निघताच कावरेबावरे झाले. अंगावर पुनःपुन्हा वळ दिसले व त्यांची कारणे दर वेळी निराळी सांगितली गेली. वयास न शोभणारे लैंगिक ज्ञान त्याच्या खेळात किंवा चित्रात दिसले. यांपैकी काही गोष्टी एकत्र आल्या व टिकून राहिल्या तर शिक्षकाने सावध व्हावे. यातील प्रत्येक गोष्टीस दुसरे कारणही असू शकते. म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये, आणि डोळेझाकही करू नये.

वर्गात काय करता येईल

(१) मुक्त चित्रांचा तास. आठवड्यातून एक तास असा असावा की ज्यात विषय दिलेला नाही, फळ्यावर नमुना नाही व गुण नाहीत. खडू, कोळसा, गेरू, जुन्या वह्यांची मागची पाने एवढे साहित्य पुरते. शिक्षकाने फिरत राहावे; चित्र सुधारू नये. "हे काय काढलेस?" यापेक्षा "या चित्राविषयी मला सांग" असे म्हणणे बरे. सांगावयाचे नसेल तर तेही चालेल, हे मुलास कळले पाहिजे.

(२) माती. चिकणमाती थापणे, कुटणे, मोडणे व पुन्हा घडविणे यात रागास वाट मिळते. मोडलेले पुन्हा करता येते, हा धडाही माती देते.

(३) वाळू व खेळणी. नदीची वाळू, एखादा जुना पत्र्याचा ट्रे, बिया, शिंपले, मातीची बैलजोडी, चिंध्यांच्या बाहुल्या यांतून लहान मुले आपले 'जग' मांडतात. शिक्षकाने ते पाहावे. त्याचा अर्थ सांगत बसू नये.

(४) बाहुल्या व नाट्य. हातमोज्याची किंवा कागदी पिशवीची बाहुली करून तिच्या तोंडून "नको", "मला आवडत नाही", "मी बाईंना सांगेन" असे म्हणण्याचा सराव साऱ्या वर्गास द्यावा. जो शब्द एकदा मोठ्याने उच्चारला आहे, तो अडचणीच्या वेळी आठवतो. मात्र कोणत्याही मुलास अत्याचार करणाऱ्याची किंवा पीडिताची भूमिका देऊ नये.

(५) गाणे व हालचाल. भोंडला, लेझीम, टिपऱ्या, अभिनयगीते यांमुळे भेदरलेले शरीर सैल होते व समूहात सामावले जाते. परंतु एखादे मूल हात धरू देत नसेल तर आग्रह धरू नये. आपल्या शरीरास कोणी हात लावावा हे ठरविण्याचा हक्क मुलाचा आहे, हे शाळेतच त्यास प्रथम अनुभवास आले पाहिजे.

हे सर्व उपक्रम साऱ्या वर्गासाठी असावेत. संशय असलेल्या मुलास वेगळे काढून चित्र काढावयास बसविणे म्हणजे त्याच्याकडे बोट दाखविणेच होय. काळजी वाटावी असे चित्र भिंतीवर लावू नये, शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरवू नये. त्यावर तारीख घालावी, मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे व कागद कुलपात ठेवावा.

मूल बोलू लागले तर

एक कल्पित प्रसंग घेऊ. चौथीतील एका मुलीने चित्रात आपले घर काढले आणि माळ्यावर स्वतःस बसविले. बाईंनी म्हटले, "या चित्राविषयी सांग." मुलगी म्हणाली, "मी इथे लपते." येथे बाईंनी "कोणापासून? काकांपासून का?" असे विचारले तर पहिली चूक होईल, कारण उत्तर त्यांनीच पुरविले. "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला तर दुसरी चूक होईल, कारण मुलगी घाबरून थांबेल. बाईंनी शांतपणे म्हणावे, "लपतेस. मग?" आणि वाट पाहावी. मुलगी बोलली तर ऐकावे. न बोलली तर "तुला केव्हाही सांगावेसे वाटले तर मी आहे" असे म्हणून सोडून द्यावे, व लक्ष ठेवावे.

मुलाने सांगितले तर पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. त्याच्यावर विश्वास ठेवून ऐकावे. "तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही" हे वाक्य जरूर उच्चारावे. "कोणास सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणे जरूर आहे त्यांनाच सांगेन" असे म्हणावे. तपशील खोदून विचारू नये. ते काम तपास करणाऱ्यांचे. मुलास तीच हकीकत मुख्याध्यापक, सरपंच, नातेवाईक अशा प्रत्येकापुढे पुन्हा सांगावयास लावू नये. संशयितास शाळेत बोलावून जाब विचारू नये. अत्याचार नुकताच घडला असल्यास मुलास विनाविलंब सरकारी रुग्णालयात पोचविण्याची व्यवस्था करावी, व अंगावरील कपडे धुऊ नयेत असे पालकांस सांगावे.

कायद्याने ठरविलेले कर्तव्य

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, जो पॉक्सो या नावाने ओळखला जातो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक ठरते. असा अपराध घडला आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्यास समजले त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे, असे कलम १९ सांगते. न कळविल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा अपराध दडविल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास मात्र कायद्याने संरक्षण दिले आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी शिक्षकाची नाही, कळविण्याची आहे.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना व विश्वासातील माणसासमक्ष घ्यावयाचा असतो. हे मुलास व आईबापांस समजावून सांगितले तर त्यांची निम्मी भीती जाते. १०९८ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मदत मागता येते. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून शासनामार्फत चालविली जाते. तातडीच्या वेळी ११२ हाही क्रमांक आहे. मारहाण, हेळसांड किंवा निराधारपणा यांबाबत जिल्ह्याची बाल कल्याण समिती व जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे जावे. २०२२ च्या शासननिर्णयाप्रमाणे शाळेत स्थापावयाची सखी सावित्री समिती केवळ कागदावर नसावी.

गावात बसून मिटवू, पोरीचे लग्न व्हायचे आहे, घराण्याची अब्रू जाईल, असे शिक्षकाच्या कानांवर येणारच. पंचांपुढे अशी तडजोड करण्यास कायद्यात स्थान नाही. आणि ज्या मुलाने धीर करून सांगितले त्याच्या दृष्टीने अशा तडजोडीचा अर्थ एकच होतो : सांगून काही उपयोग नाही.

संशयित व्यक्ती शाळेतीलच असेल तर कसोटी अधिक कठीण. तेथे सहकाऱ्याची भीड मुलाच्या आड येऊ देऊ नये. तसेच बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. ज्या वर्गात छडी आहे त्या वर्गात मुक्त चित्रांचा तास व्यर्थ होय. मार देणाऱ्या हातापाशी मूल आपल्या माराची गोष्ट सांगणार नाही.

नंतरचे दिवस

तक्रार झाली म्हणजे शिक्षकाचे काम संपले असे नव्हे. खरे काम पुढेच असते. मूल पुन्हा वर्गात येईल तेव्हा त्याच्याविषयी कुजबूज होऊ नये, त्याचे नाव कोठेही छापले जाऊ नये, त्यास 'बिचारे' म्हणून वेगळे वागविले जाऊ नये. त्याची बसण्याची जागा, त्याचे मित्र, त्याचे वर्गातील काम पूर्ववत् असावे. नेहमीची घंटा, नेहमीची प्रार्थना, नेहमीचा चित्रकलेचा तास यांचा नियमितपणा हेही औषधच आहे. तज्ज्ञांच्या मदतीची गरज असल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाची वाट पालकांस दाखवावी. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकांसाठी राज्य शासनाची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. तिची माहितीही द्यावी.

फ्रीडल डिकर-ब्रांडाइसला आपल्या मुलांचे प्राण वाचविता आले नाहीत. तिच्याजवळ कायदा नव्हता, दूरध्वनी नव्हता, न्यायालय नव्हते. होते ते टाकाऊ कागद व मुलाकडे पाहण्याची दृष्टी. आजच्या प्राथमिक शिक्षकाजवळ ते दोन्ही आहे, आणि जे तिच्याजवळ नव्हते तेही आहे. मुलाने कागदावर ओढलेली रेघ पाहावयास शिक्षक क्षणभर थांबला, त्याने उत्तर न सुचविता ऐकून घेतले आणि ऐकल्यावर कर्तव्यास चुकला नाही, तर एका मुलाचे सारे पुढील आयुष्य निराळे होऊ शकते.